रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनं: डोस नेमका कुठे चुकतो? (नागपूर-विदर्भ)

दवाबाजार | सोमवार, रात्री ९:४०

धंतोली-रामदासपेठेतून सुट्टी झालेला पेशंट संध्याकाळच्या गाडीने गोंदिया, बालाघाट नाहीतर गडचिरोलीकडे निघतो. पिशवीत आठ-दहा औषधं. बहुतेकांचा एखादा डोस इकडेतिकडे झाला तरी निभतं. ॲसिट्रॉम, वॉरफेरिन, एपिक्साबॅन या मंडळींचं निभत नाही. कमी पडलं तर हृदयाच्या व्हॉल्व्हवर गुठळी किंवा लकवा, जास्त झालं तर पोटात नाहीतर मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरच्या पेनापासून पेशंटच्या तोंडापर्यंत डोस कुठे-कुठे बदलतो ते जाणकारांनी लिहावं, म्हणून हा धागा. स्वतःचा डोस इथे कुणी विचारू नका, तो तुमचे डॉक्टर तुमचा आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) पाहून ठरवणार.

सुरुवात काउंटरपासून करतो. ॲसिट्रॉम म्हणजे ॲसिनोकुमॅरॉल, जुन्या लेबलांवर निकुमॅलोन. ०.५, १, २, ३, ४ मिग्रॅ अशा ताकदींत येते. चिठ्ठीवर असतं "ॲसिट्रॉम २, रोज १ गोळी". दुकानात २ची संपलेली. दुकानदार १चा पत्ता देतो आणि तोंडी सांगतो, "दोन-दोन घ्या." इथवर ठीक. पुढच्या महिन्यात गावात २ची मिळते, पण घरच्यांच्या डोक्यात "दोन-दोन" पक्कं बसलेलं. २च्या दोन म्हणजे ४. डोस दुप्पट, आणि चिठ्ठी पाहिली तर ती बरोबरच!

म्हणून पहिली गोष्ट: या औषधाबद्दल गोळ्यांत बोलायचंच नाही, मिलिग्रॅममध्ये बोलायचं. आणि घरात शक्यतो एकाच ताकदीचा पत्ता ठेवायचा. १ मिग्रॅचा असला तर २ लागो की ३, मोजून घेता येतात, तोडायची भानगड नाही. रंगावर अजिबात जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो.

झिरो माईल | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या नागपुरात आणखी एक घोळ आहे नं भाऊ. दुकानदार हिंदीत म्हणतो "आधी गोली". घरी ऐकणारी आजी मराठी. तिच्यासाठी "आधी" म्हणजे जेवणाआधी. झाली नं पंचाईत? अर्धीची अख्खी!

सिस्टर इनचार्ज | सोमवार, रात्री १०:३१

झिरो माईल, हसण्यावारी नेऊ नका, सुट्टीच्या वेळी समजावताना हा शब्द मी चुकूनही वापरू देत नाही. "अर्धी, म्हणजे तोडून अर्धी" असंच म्हणायचं आणि गोळी हातात धरून दाखवायचं. तशीच "परवा"ची गंमत. "परवापासून बंद" म्हटलं की मराठीत मागचाही परवा होतो आणि पुढचाही. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं.

आकड्यांचंही तेच. घरचे लोक डबीवर मार्करने मराठी आकडे लिहितात आणि नातू ते इंग्रजी समजून वाचतो. मराठी १ घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठासारखा. आकड्याशेजारी अक्षरी लिहा: "२ (दोन) मिग्रॅ".

दशांशाचे दोन नियम आमच्या फाइलमध्ये सक्तीचे आहेत. १ मिग्रॅला "१.०" लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की १० वाचलं जातं. अर्ध्या मिग्रॅला नुसतं ".५" लिहायचं नाही, आधी शून्य हवंच: "०.५". आणि हेपॅरिनच्या (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) ऑर्डरमध्ये "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी यू अक्षर आकड्याला चिकटून आलं की शून्य वाटतं आणि ५,०००चे ५०,००० होतात.

मिट्रल | मंगळवार, सकाळी ७:१५

मूळ गैरसमज नावातच आहे. रक्त "पातळ" कुणाचंच होत नाही, गुठळी बनायला जास्त वेळ लागतो इतकंच. पण लोक दोन वेगळ्या कुळांना एकच नाव देतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सवर काम करतात. ॲसिट्रॉम, वॉरफेरिन आणि नवी औषधं (एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान) गोठण्याच्या घटकांवर. ऑपरेशनआधी कुणीतरी फोनवर सांगतं, "रक्त पातळ करायची गोळी बंद करा." पेशंट इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) थांबवतो, ॲसिट्रॉम चालू ठेवतो. किंवा याच्या अगदी उलट. कुळ सांगून भागत नाही, औषधाचं नाव घेऊनच सांगावं लागतं.

आता आयएनआर. ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि पायातल्या गुठळीसाठी लक्ष्य साधारण २ ते ३. मिट्रल जागेवर (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमध्ये) धातूचा व्हॉल्व्ह असेल तर २.५ ते ३.५. हे लक्ष्य फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. नसलं की गावातला डॉक्टर ३.२ पाहून घाबरतो आणि व्हॉल्व्हच्या पेशंटची गोळी बंद करतो, जी त्याला बरोबर लागू पडलेली असते.

गोळी आज बदलली तर उद्याच्या आयएनआरमध्ये उत्तर शोधू नका. घटक ७चं अर्धआयुष्य साधारण ६ तासांचं, म्हणून आयएनआर लवकर हलतो. पण गुठळी रोखायला जो घटक २ खाली यावा लागतो त्याचं अर्धआयुष्य ६० ते ७२ तास आहे. त्यामुळे सुरुवातीला किमान ५ दिवस आणि आयएनआर २च्या वर २४ तास टिकेपर्यंत हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन सोबत चालू ठेवतात. "आयएनआर २ आला, इंजेक्शन बंद" ही घाई तिसऱ्या दिवशी महागात पडते.

डोस बदलायचा तो आठवड्याच्या बेरजेवर. समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार २ मिग्रॅ आणि उरलेले चार दिवस ३ मिग्रॅ. बेरीज १८. आयएनआर थोडा खाली-वर असला तर ही बेरीज साधारण ५ ते २० टक्क्यांनी हलवतात, म्हणजे एक ते साडेतीन मिग्रॅ, तेही सात दिवसांत वाटून. रोजची गोळी २वरून थेट ३ केली तर एका फटक्यात ५० टक्के वाढ होते. मग पुढच्या आठवड्यात आयएनआर ५ आल्याचं नवल वाटतं.

आणि वेळ संध्याकाळची, सहा-सातची. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डॉक्टरने डोस बदलला, तर त्याच संध्याकाळी अमलात आणता येतो. सकाळी गोळी घेणाऱ्याचा एक दिवस वाया जातो.

तर्री पोहा | मंगळवार, सकाळी ९:२०

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतात लोक. बरोबर नाही नं?

मिट्रल | मंगळवार, सकाळी ९:४८

नाही. त्याच दिवशी रात्री झोपायच्या आत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर गेलेली गेली. नेहमीचा डोस घ्या आणि वहीत फुली मारा. वहीतली फुली फार कामाची. आयएनआर १.६ आला आणि फुली दिसली तर डोस वाढवायची गरज पडत नाही. फुली नसली तर डॉक्टर डोस वाढवतो, पेशंट नियमित घेऊ लागतो आणि आयएनआर उडतो.

निळी टोपी | मंगळवार, दुपारी १:०२

लॅबची बाजू मांडतो, कारण कधी-कधी डोस बरोबर असतो आणि आकडा चुकीचा.

पीटी-आयएनआरची (पीटी म्हणजे नमुना गोठायला लागलेले सेकंद) नळी निळ्या टोपीची. आत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. प्रमाण ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. ३ मिलीच्या नळीत २.७ मिली रक्त, ०.३ मिली सायट्रेट. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त गेलं नाही तर सायट्रेट जास्त पडतं, नमुना उशिरा गोठतो आणि आयएनआर खोटा जास्त येतो. शिरा सापडत नाही म्हणून दीड मिलीवर थांबवलेला नमुना लॅबने परत पाठवलाच पाहिजे. "चालवून घ्या साहेब" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. नळी भरली की हळूच चार-पाच वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. आत बारीक गुठळी झाली तर सगळंच फुकट.

घरी येऊन नमुना नेणाऱ्यांबद्दल एक. पीटीचा नमुना सामान्य तापमानाला २४ तास चालतो, पण ते सामान्य तापमान म्हणजे १८ ते २४ अंश. मे महिन्यातल्या नागपुरात मोटरसायकलच्या डिकीतलं तापमान नव्हे! इकडे पारा ४५च्या पुढे जातो, डिकीत काय होत असेल विचार करा. थर्माकोलच्या डब्यात न्या, पण बर्फाला चिकटवूनही नको.

आणि दर वेळी एकच लॅब. आयएनआर काढताना पेशंटच्या पीटीला नॉर्मल सरासरीने भागतात आणि त्या गुणोत्तराला आयएसआय हा घातांक लावतात. हा आयएसआय रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनाच्या) प्रत्येक बॅचला वेगळा असतो. नवी बाटली उघडली आणि मशीनमध्ये जुनाच आकडा राहिला तर त्या दिवसाचे सगळेच रिपोर्ट सरकतात. एकदम चार पेशंटचे आयएनआर विचित्र आले की आम्ही आधी पेशंटना दोष देत नाही, बाटली बघतो.

सिस्टर इनचार्ज | मंगळवार, दुपारी १:४०

बोटातून थेंब घेऊन करायच्या मशीनबद्दल लिहा नं. गडचिरोली-भामरागडकडच्या व्हॉल्व्ह पेशंटना तोच आधार आहे.

निळी टोपी | मंगळवार, दुपारी २:११

चांगली मशीन आहे, मर्यादा माहीत असाव्यात. थेंब १५ सेकंदांच्या आत पट्टीवर गेला पाहिजे, दुसऱ्यांदा थेंब घालायचा नाही, बोट पिळून-पिळून थेंब काढायचा नाही. मशीनने ४.५-५च्या वर दाखवलं तर शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये पक्कं करायचं. विदर्भासाठी खास: नेहमीच्या मशीनना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) २५ ते ५५ टक्क्यांत लागतं. सिकलसेलच्या किंवा जोरदार ॲनिमियाच्या पेशंटचं २५च्या खाली असू शकतं, तिथे मशीनच्या आकड्यावर डोस बदलू नये.

तर्री पोहा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मग हिरव्या भाज्या पूर्ण बंद नं? पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) सगळंच? आमच्याकडे हिवाळ्यात सांभारवडी नाही म्हणजे हिवाळाच नाही.

मिट्रल | मंगळवार, रात्री ८:०५

बंद अजिबात नाही. पालकात शंभर ग्रॅममागे साधारण ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के, सांभारात ३१० च्या आसपास. ॲसिट्रॉम व्हिटॅमिन केच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण भाजी बंद केली की शरीरातला साठा तळाला जातो आणि मग एवढ्या-तेवढ्याने आयएनआर हेलकावे खातो. हवी ती नियमितता. आठवड्यात दोनदा पालेभाजी खाता, तर वर्षभर दोनदा. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या एकाच दिवशी झाल्या म्हणून काही बिघडत नाही. नोव्हेंबरात भाजी स्वस्त होते आणि तीन महिने रोज ताटात पालक-मेथी येते, ते बिघडवतं. तसंच उलटं: आजारपणात पंधरा दिवस नुसती खिचडी, किंवा उन्हाळ्यात हगवण लागून जेवण तुटलं, तर आयएनआर गोळी न वाढवता चढतो. संत्र्याने काही होत नाही, खुशाल खा.

सांभारवडी खा हो. रोज नको.

दवाबाजार | मंगळवार, रात्री ९:१०

भाजीपेक्षा मोठा गुन्हेगार आमच्या दुकानात बसलाय. आयएनआर वर नेणारी औषधं: मेट्रोनिडॅझोल (हगवणीसाठी सर्रास देतात), को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अमिओडॅरोन. तोंड आल्यावर लावायची मायकोनाझोल जेलसुद्धा, लोकांना ती औषधच वाटत नाही. पॅरासिटामॉल एखाद-दुसरी चालते, पण रोज २ ग्रॅमच्या वर आठवडाभर गेली तर तीही आयएनआर वाढवते.

खाली नेणारी: रिफाम्पिसिन, फिनायटॉइन, कार्बामेझेपिन. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतंच. त्या पेशंटचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागू शकतो आणि खरा धोका उपचार संपल्यावर असतो: रिफाम्पिसिन थांबली, ॲसिट्रॉमचा वाढवलेला डोस तसाच राहिला.

आयएनआर न बदलता रक्तस्राव वाढवणारी: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड. गुडघेदुखीच्या चुर्णात-काढ्यात काय कालवलेलं आहे ते कळत नसलं तर ते घेऊ नका. आणि कंपाउंडरकडे जाऊन कमरेत मारून घेतलेली दुखण्याची सुई ही दोन चुकांची एक चूक. औषध चुकीचं आणि जागाही चुकीची, स्नायूत रक्त साचतं.

नवीन कोणतंही औषध सुरू झालं किंवा बंद झालं तर ३ ते ५ दिवसांत आयएनआर.

दातकोरणं | बुधवार, सकाळी ८:५०

दंतवैद्यांकडून थोडक्यात. एक-दोन साधे दात काढायला ॲसिट्रॉम थांबवू नका. आदल्या एक-दोन दिवसांतला आयएनआर आणा. लक्ष्याच्या आत असेल तर टाके, दाबून धरलेला गॉझ आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या ५ टक्के गुळण्या (१० मिली, दोन मिनिटं, दिवसातून चारदा) यांवर भागतं. नंतर ब्रुफेन लिहून देणारा दंतवैद्य असेल तर त्याला आठवण करून द्या.

झिरो माईल | बुधवार, सकाळी ९:३०

नवीन गोळ्यांना, एपिक्साबॅन वगैरेंना, आयएनआर लागत नाही म्हणतात. मग चूक व्हायचा प्रश्नच नाही?

मिट्रल | बुधवार, दुपारी २:२५

आयएनआर लागत नाही, कारण तो त्यांचा परिणाम मोजतच नाही. एपिक्साबॅनवर आयएनआर १.१ आला म्हणून "गोळी काम करत नाही" म्हणणारेही भेटतात. इथे चुका वेगळ्या.

पहिली आणि सगळ्यात धोक्याची: जुनी आणि नवी दोन्ही चालू. नवीन चिठ्ठीत एपिक्साबॅन आलं, पण "ॲसिट्रॉम बंद" असं कुणी लिहिलंच नाही. घरात पत्ता आहे, पेशंट दोन्ही घेतो. बदलताना आधी ॲसिट्रॉम थांबवतात, आयएनआर २च्या खाली आला की एपिक्साबॅन सुरू करतात. एनॉक्सापॅरिन इंजेक्शनवरून गोळीवर येताना पुढच्या इंजेक्शनची वेळ होईल तेव्हा इंजेक्शनच्या ऐवजी गोळी. "ऐवजी" हा शब्द चिठ्ठीत ठळक हवा.

दुसरी: सुरुवातीचा मोठा डोस. पायात किंवा फुप्फुसात गुठळी असेल तर एपिक्साबॅन १० मिग्रॅ दिवसातून दोनदा ७ दिवस, मग ५ मिग्रॅ दोनदा. रिव्हारोक्साबॅन १५ मिग्रॅ दोनदा २१ दिवस, मग २० मिग्रॅ एकदा. बाविसाव्या दिवशी काय करायचं हे पेशंटला माहीत नसतं. कुणी १५ दोनदा महिनाभर घेत राहतो, कुणी २१ दिवसांनी कोर्स संपला समजून सोडून देतो. पाकिटावर तारीख घालून लिहा: "अमुक तारखेपासून २० मिग्रॅ, फक्त रात्री जेवताना."

जेवणाचं म्हणतो ते रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० मिग्रॅसाठी. उपाशीपोटी २० मिग्रॅची साधारण दोन तृतीयांशच शोषली जाते. एकादशीला, नवरात्रात हे विसरतात. उपासाचं का होईना, पोटभर काही खाऊन घ्यावी. एपिक्साबॅनला जेवणाशी देणंघेणं नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून, दाणे पाण्यात घालून द्यायची नाही, शोषण साधारण ७५ टक्क्यांनी वाढू शकतं. नाकातल्या नळीने औषध चालू असेल तर डॅबिगॅट्रान निवडायचंच नाही.

तिसरी चूक क्रिएटिनिनची. ८२ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर नॉर्मल दिसतं. किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते त्याचा हिशेब करा: १४० वजा ८२ म्हणजे ५८. ५८ गुणिले ४८ म्हणजे २,७८४. त्याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागा: ३५. बाई असल्याने ०.८५ ने गुणा: ३०. किडनी तिशीवर आहे, आणि डॅबिगॅट्रान तर ८० टक्के किडनीवाटेच बाहेर पडतं. वैशाखात पाणी कमी पडलं, उलट्या झाल्या की हा आकडा आणखी घसरतो. म्हणून वजन आणि वय चिठ्ठीवर असायलाच हवं.

याच आजींना ॲट्रियल फिब्रिलेशनसाठी एपिक्साबॅन २.५ दोनदा बसतं, कारण तीनपैकी दोन निकष लागू होतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. पण फक्त एकच निकष असलेल्या पेशंटला "रक्तस्राव नको" म्हणून २.५ दिली तर लकव्यापासून पुरतं संरक्षण मिळत नाही. कमी डोस हाही चुकीचाच डोस.

आणि धातूचा व्हॉल्व्ह असेल तर ही नवी औषधं चालत नाहीत. डॅबिगॅट्रानचा या पेशंटमधला अभ्यास २०१२मध्ये मध्येच थांबवावा लागला. ऱ्हुमॅटिक मिट्रल स्टेनोसिसमध्येही (ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेला मिट्रल व्हॉल्व्ह) वॉरफेरिन-ॲसिट्रॉमच. "नवीन आहे, चांगली असेल" म्हणून स्वतःहून बदलू नका.

दवाबाजार | बुधवार, दुपारी ३:००

जोडून एक: इकोस्प्रिन गोल्डमध्ये ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल तिन्ही असतात. दुसऱ्या डॉक्टरने क्लोपिडोग्रेल वेगळी लिहिली की डबल. वर एपिक्साबॅन असेल तर विचारूच नका.

सिस्टर इनचार्ज | बुधवार, रात्री ११:२०

आता वॉर्डातलं हेपॅरिन. ड्यूटी बदलायच्या वेळी हेच सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून सविस्तर.

हेपॅरिनची ५ मिलीची बाटली दोन प्रकारची येते. एकीत मिलीमागे १,००० युनिट, अख्ख्या बाटलीत ५,०००. दुसरीत मिलीमागे ५,०००, अख्ख्या बाटलीत २५,०००. बाटली तेवढीच, झाकण जवळपास तसंच, आणि "५०००" हा आकडा दोन्ही लेबलांवर! एकीवर तो पूर्ण बाटलीचा, दुसरीवर एका मिलीचा. घाईत नजर त्या आकड्यावर जाते आणि पाचपट फरक पडतो. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये ठेवायचे नाहीत. जमत असेल तर वॉर्डात एकच प्रकार. सेंट्रल लाइन धुवायच्या हेप-सलाइनसाठी २५,०००ची बाटली हातात घ्यायचीच नाही. अमेरिकेत २००६ आणि २००७मध्ये बाळांना १० युनिटऐवजी मिलीमागे १०,००० युनिटचं हेपॅरिन गेलं होतं, काही बाळं दगावली. बाटल्या अशाच जवळपास सारख्या दिसणाऱ्या.

पंपाचा हिशेब: २५,०००ची ५ मिली बाटली अधिक ४५ मिली सलाइन म्हणजे ५० मिली, मिलीमागे ५०० युनिट. पेशंट ६० किलो. बोलस (सुरुवातीला एकदम द्यायचा डोस) किलोमागे ८० म्हणजे ४,८०० युनिट. मग तासाला किलोमागे १८ म्हणजे १,०८० युनिट, भागिले ५००: तासाला २.१६, पंपावर २.२ मिली. टिंब नीट दाबलं गेलं नाही तर २२. सिरिंज अडीच तासांच्या आतच संपते. म्हणून दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे हिशेब करायचा. स्वतंत्र म्हणजे पहिलीचा कागद न बघता. "बघ गं, बरोबर आहे नं?" ही तपासणी नव्हे, ती मान हलवणं. बाटली, मात्रा, पंपाचा वेग, आणि नळी कोणत्या लाइनला जोडली आहे, चारही गोष्टी. एपीटीटी (हेपॅरिनचा परिणाम मोजणारी रक्ततपासणी) ६ तासांनी आणि दर बदलानंतर पुन्हा ६ तासांनी.

इन्शुलिनची सिरिंज हेपॅरिनला वापरायची नाही. आपली नेहमीची लाल टोपीवाली मिलीला ४० युनिटची. तिच्यावर लिहिलेले युनिट इन्शुलिनचे. मिलीमागे ५,०००च्या बाटलीतून त्या सिरिंजची एक खूण (एक युनिट) ओढली तर हेपॅरिनचे १२५ युनिट येतात. "युनिट म्हणजे युनिट" समजणाऱ्या नवीन मुली इथे फसतात.

पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट्स पहिल्यापेक्षा निम्म्या झाल्या तर हेपॅरिनची रिॲक्शन असू शकते. तेव्हा फ्लशसकट (लाइन धुवायच्या हेपॅरिनसकट) सगळं हेपॅरिन थांबवून डॉक्टरना बोलवायचं.

घरी द्यायचं एनॉक्सापॅरिन: डोस किलोमागे १ मिग्रॅ, १२ तासांनी. किडनी ३०च्या खाली असेल तर दिवसातून एकदा. वजन विचारून लिहू नका, काट्यावर घ्या. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस द्यायचा असेल तर काढायचा नाही, तो काढताना औषधाचा थेंब जातो. अर्धवट डोस असेल तरच सुई खाली करून जादाचं औषध काढायचं. बेंबीपासून ५ सेंमी लांब, पोटाच्या बाजूला. कातडी चिमटीत धरून सुई सरळ पूर्ण आत, औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. डावी-उजवी बाजू आळीपाळीने. शेक तर अजिबात नको.

झिरो माईल | गुरुवार, सकाळी ८:१५

पावसाळ्यात डेंग्यूचं काय? आणि डोक्याला मार लागला तर?

मिट्रल | गुरुवार, सकाळी १०:४०

ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, प्लेटलेट्स आणि आयएनआर दोन्ही तपासायचे. प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली गेल्या की गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे हृदयाच्या आणि मेडिसिनच्या डॉक्टरांनी बसून ठरवायचं. धातूचा व्हॉल्व्ह असलेल्याने घरच्या घरी बंद करणं म्हणजे दुसरी आपत्ती.

डोक्याला मार लागला तर पेशंट ठणठणीत बोलत असला तरी सीटी. मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल तिथे, आणि पोचताच पहिलं वाक्य: "हे अमुक गोळी घेतात, शेवटची अमुक वाजता घेतली." काळी डांबरासारखी शौच (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण चिकट नसते), कॉफीच्या गाळासारखी उलटी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक भयंकर डोकेदुखी: यांतलं काहीही झालं तर आयएनआरच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका.

रक्तस्राव नसताना आयएनआर ४.५ ते १०मध्ये आला तर बहुधा एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासतात. १०च्या वर गेला तर व्हिटॅमिन के-१ तोंडावाटे, २.५ ते ५ मिग्रॅ. १० मिग्रॅचं अँप्युल सरळ शिरेत ठोकलं की पुढे आठ-दहा दिवस ॲसिट्रॉम काम करत नाही आणि व्हॉल्व्ह धोक्यात येतो. तेवढं मोठं पाऊल खऱ्या रक्तस्रावासाठी राखून ठेवतात, सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (गोठण्याच्या घटकांचं इंजेक्शन) किंवा एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा). आणि के-१च हवं, के-३चा इथे उपयोग नाही.

तर्री पोहा | गुरुवार, रात्री ९:००

चिठ्ठीत सोमवार, बुधवार, शुक्रवार २ आणि बाकी दिवस ३ असलेल्यांसाठी फ्रिजवर लावायचा कागद बनवून राहिलो. तपासा:

सोम २ (दोन) मिग्रॅ, मंगळ ३ (तीन), बुध २ (दोन), गुरु ३ (तीन), शुक्र ३ (तीन), शनि ३ (तीन), रवि ३ (तीन). एकूण १८. घरात फक्त १ मिग्रॅचा पत्ता. वेळ संध्याकाळी ६. आयएनआर लक्ष्य: डॉक्टरकडून लिहून घेणे.

दवाबाजार | गुरुवार, रात्री ९:०७

बेरीज करा भाऊ. १९ येते. शुक्रवार बघा.

तर्री पोहा | गुरुवार, रात्री ९:०९

अरे बाप्पा. शुक्र २ (दोन). नवीन कागद काढतो, खाडाखोड ठेवत नाही.